बळी कोणाचा पडतो?

उपवासकाळ सुरू झाला की बहुतेक चर्चमधून एक ठरलेला उपदेश ऐकू येतो. आजच्या माणसाच्या मूर्ती कोणत्या, याची त्यात यादी असते: मोबाईल, टीव्ही, क्रिकेट, फॅशन, पैसा. एके काळी त्या यादीत सिनेमा आणि तमाशा होते, मग व्हिडिओ आला, आता रील्स आल्या. यादी बदलत जाते. उपदेश तोच राहतो आणि ऐकणाराही होता तसाच राहतो, कारण यातल्या एकाही वस्तूला आपण देव मानत नाही याची त्याला खात्री असते. फार तर चाळीस दिवस तो मटण आणि फोन बाजूला ठेवतो आणि पुनरुत्थानाच्या रविवारी दोन्ही पुन्हा जवळ करतो. संयम चांगलाच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की अशा यादीमुळे मूर्तिपूजा म्हणजे करमणुकीचा अतिरेक, अशी समजूत होऊन बसते. बायबलला ज्या मूर्तीची धास्ती आहे ती करमणुकीच्या बाजूने येत नाही. ती वेदीच्या बाजूने येते, आणि बहुधा देवाचेच नाव घेऊन येते.

निर्गमच्या ३२व्या अध्यायातले सोन्याचे वासरू पाहा. मोशेला डोंगरावरून उतरायला उशीर होतो, लोक अस्वस्थ होतात, अहरोन त्यांच्या बायकामुलांच्या कानांतली सोन्याची कुंडले मागवून घेतो आणि वासरू घडवतो. इथपर्यंतची गोष्ट रविवारच्या शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पुढचा तपशील मात्र वाचताना निसटतो: अहरोन त्या वासरापुढे वेदी बांधतो आणि दवंडी देतो की उद्या परमेश्वराचा सण आहे. म्हणजे लोक परमेश्वराला सोडून मिसरच्या एखाद्या दैवताकडे परत निघाले होते, असे सरळ म्हणता येत नाही. मिसरमधून सोडवणाऱ्यालाच त्यांनी डोळ्यांना दिसेल आणि वाट पाहायला लावणार नाही अशा आकारात बसवले होते. गिदोनाचेही तसेच. शास्ते ८ मध्ये तो राजा व्हायला नकार देतो, तुमच्यावर परमेश्वरच राज्य करील असे सांगतो, आणि लगोलग लुटीतली कुंडले मागून घेऊन सतराशे शेकेल सोन्यातून एफोद करवतो. एफोद हे याजकाचे वस्त्र, उपासनेतली मान्य वस्तू. तीच साऱ्या इस्राएलाला आणि गिदोनाच्या घराण्याला फास ठरली. संदेष्ट्यांची जीभ सर्वांत धारदार होते तीही शेजारच्या राष्ट्रांवर नव्हे, तर मंदिरात नेमाने येणाऱ्यांवर. यहेज्केलापुढे देवाचा कौल विचारायला येऊन बसलेले वडीलजन पापभीरू म्हणूनच ओळखले जात असणार. तुम्ही मूर्ती आपल्या हृदयात मांडल्या आहेत, हे त्यांना तोंडावर ऐकावे लागले.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हे विशेष लक्षात ठेवायला हवे, कारण इथे ‘मूर्तिपूजा’ हा शब्द ख्रिस्ती माणसाच्या तोंडून बहुतेक वेळा बाहेरच्या दिशेने फेकला गेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी पत्रकांत त्याचे बोट शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे होते. गोव्यात तर १५४०च्या दशकात तिसवाडीतली देवळे पाडली गेली, पुढे बारदेश आणि साष्टीतली, आणि देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कामाकडे वळवले गेले. मूर्ती दुसऱ्याची, घण आपला आणि जमीनही आपल्याकडे. पाडणाऱ्याच्या खिशातून काही गेले नाही, उलट भर पडली. फोडणाऱ्याचा फायदा करून देणारे मूर्तिभंजन संशयास्पदच म्हणायला हवे. इकडे क्षुद्र दैवतांवर, नवसाच्या देवघेवीवर आणि बोकड मागणाऱ्या देवांवर मराठी संतांनी जे कोरडे ओढले ते अमेरिकन किंवा स्कॉटिश मिशनरी इथे उतरण्याच्या कितीतरी आधी, आणि घरच्या माणसाने घरात ओढले. यिर्मया आणि आमोस यांची जातकुळी तीच. ख्रिस्ती माणसाला हा शब्द वापरायचाच असेल तर त्याने तो आपल्या वेदीपाशी उभे राहून वापरावा.

मग आपल्या घरातली मूर्ती ओळखायची कशी? प्रॉटेस्टंट परंपरेचे उत्तर आहे, हृदय तपासा. मार्टिन लूथरने १५२९च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत पहिल्या आज्ञेचा अर्थ सांगताना असा निवाडा दिला की माणसाचे मन ज्यावर विसंबते तोच त्याचा खरा देव. कॅल्विनला माणसाचे मन म्हणजे मूर्तींचा अखंड चालणारा कारखाना वाटले. आपल्या काळात न्यूयॉर्कचे पाळक टिमथी केलर यांनी ‘काउंटरफीट गॉड्स’ या २००९च्या पुस्तकात हाच धागा शहरी वाचकांसाठी पुढे नेला: काम, प्रेम, यश, कुटुंब या मुळात चांगल्या गोष्टी सर्वोच्च जागी बसल्या की त्यांच्या मूर्ती होतात. हे खरे आहे, आणि यादीवाल्या उपदेशापेक्षा शतपटीने खोल आहे. अडचण अशी की इथे आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असतो. माझे सर्वांत जास्त प्रेम कशावर, हे मीच मला विचारायचे आणि उत्तरही मीच द्यायचे. हृदय कपटी असते हे यिर्मयाने सांगून ठेवले आहे. त्याच हृदयाकडे स्वतःची झडती सोपवली तर ती सभ्यपणे उरकली जाणार. बेफिकीर माणूस त्यातून निर्दोष सुटतो. हळव्या मनाची माणसे मात्र मुलाला कुशीत घेतानाही, हे प्रेम देवापेक्षा जास्त तर होत नाही ना, या शंकेने स्वतःला छळत राहतात. प्रेम मोजायला बसण्याची ही रीत दोघांच्याही कामाची नाही.

बाहेरून दिसेल अशी खूण हवी, आणि ती यिर्मयाच्याच सातव्या अध्यायात सापडते. संदेष्टा मंदिराच्या दारात उभा आहे. हे परमेश्वराचे मंदिर, असे तीन-तीनदा घोकत आत जाणाऱ्यांची तो खिल्ली उडवतो. ते मंदिर खरोखरच परमेश्वराचे होते. घोकणारे खोटे बोलत नव्हते. पण संदेष्टा लगेच विचारतो ते परक्यांबद्दल, अनाथांबद्दल, विधवांबद्दल आणि निर्दोषांच्या रक्ताबद्दल. आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस आपण हिन्नोमच्या खोऱ्यात, तोफेतला पोचतो, जिथे आईबाप आपली मुले अग्नीत अर्पण करत. देव तिथे म्हणतो की असे काही मी सांगितले नव्हते, माझ्या मनातही आले नव्हते. असा खुलासा करण्याची पाळी कधी येते? लोकांना ते देवाचेच मागणे वाटत असेल तेव्हा. मंदिराचा घोष, विधवेची नागवण आणि मुलांची होळी या एकाच अध्यायातल्या तीन गोष्टी सुट्या नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे की मूर्ती ओळखताना प्रेम किती, हे विचारू नये. बळी कोणाचा पडतो, हे विचारावे. पूजा म्हणजे अखेर अर्पण. माणूस कबुली काहीही देवो, त्याच्या वेदीवर काय चढते ते चारचौघांना दिसते. ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेला देव स्वतःला देतो. मूर्ती घेते, आणि शक्यतो ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून घेते. वासरासाठीसुद्धा सोने उतरले ते बायकामुलांच्या कानांतून.

या खुणेने आपल्या मंडळ्यांकडे पाहिले की उपवासकाळातली यादी पार बदलते. एखादी चंगाई सभा घ्या. मंडप, कीबोर्ड, माणसाएवढे स्पीकर, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. गाणी झाली की साक्षी सुरू होतात. एकाला दुबईचा व्हिसा मिळाला, एकीला फ्लॅटचा ताबा मिळाला, एकाची शुगर उतरली; प्रत्येक साक्षीला हालेलूया आणि टाळ्या. यातल्या कोणाचीही कृतज्ञता खोटी नाही. पण मागच्या रांगेत एक बाई बसलेली असते, जिच्या मुलाचे आठवड्याला दोनदा डायलिसिस चालते आणि जिने दशांश कधी चुकवलेला नाही. तिच्याकडे माइक येत नाही. सभा संपल्यावर कोणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगते की ताई, विश्वास कमी पडतोय, अजून बी पेरा. बी पेरण्याची ही भाषा अमेरिकेतल्या ओरल रॉबर्ट्स यांच्या प्रचारातून जगभर गेली आणि आता आपल्या तालुक्याच्या गावातही ती रुळली आहे. समृद्धीच्या सुवार्तेची मूर्ती पैसा आहे असे टीकाकार म्हणतात. ते तितकेसे बरोबर नाही. तिथली मूर्ती आशीर्वाद ही आहे, आणि आशीर्वाद ही तर देवाचीच देणगी. त्या देणगीचा महिमा अबाधित राखायचा तर जिला ती मिळाली नाही तिलाच गुन्हेगार ठरवावे लागते. ईयोबाच्या ग्रंथाच्या सुरुवातीला हाच प्रश्न आहे: हा माणूस देवाला भितो ते काय फुकट? प्रश्न सैतानाचा असला तरी बिनतोड आहे. ईयोबाचे मित्र पुढे अनेक अध्याय जे समजावतात ते मंडपातल्या त्या खांद्यावरच्या हातापेक्षा फार वेगळे नाही, आणि अखेरीस देव त्या मित्रांवर संतापतो.

जुन्या मिशनच्या चर्चची मूर्ती निराळी. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेले बंगले, शाळा, दवाखाने आणि शहरांतल्या मोक्याच्या जागा यांच्याभोवती ती उभी राहते. विश्वस्तांचे दोन गट, धर्मादाय आयुक्तांकडे दाखल झालेले एकमेकांविरुद्धचे चेंज रिपोर्ट, तारखांवर तारखा. दोन्ही गट म्हणतात, आम्ही चर्च वाचवतो आहोत, आणि पुष्कळदा ते मनापासून म्हणतात. पण वकिलाची फी ज्या तिजोरीतून जाते तिच्यात विधवांची दानाची पाकिटे आहेत. खेड्यातल्या प्रचारकाचा पगार थकतो, शाळेच्या शिपायाचा प्रॉव्हिडंट फंड भरायचा राहतो, आणि कोणी हिशेब विचारला तर उत्तर तयार असते: मंडळीत फूट पाडू नका. विवाहाच्या बाबतीतही हेच घडते. नवऱ्याचा मार खाऊन बाई पाळकाकडे किंवा फादरकडे येते. तिला सांगितले जाते की विवाह पवित्र आहे, सहन कर, प्रार्थना कर. विवाह पवित्र आहेच. पण त्याचे पावित्र्य ज्या घरात एका बाईच्या मोडलेल्या बरगड्यांवर तोलून धरावे लागते त्या घरात पूजा विवाहाची चालली आहे, विवाह देणाऱ्याची नव्हे.

गेल्या शतकातले सर्वांत गाजलेले उदाहरण जर्मनीचे. हिटलर सत्तेवर आल्यावर तिथल्या ‘जर्मन ख्रिस्ती’ चळवळीने राष्ट्र आणि वंश यांना देवाची खास देणगी मानून चर्चच त्यांच्या दावणीला बांधले. त्याविरुद्ध मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जमलेल्या प्रॉटेस्टंट प्रतिनिधींनी घोषणापत्र काढले. त्याचा मुख्य कर्ता कार्ल बार्थ. येशू ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणत्याही सत्तेला किंवा घटनेला देवाचा शब्द मानायचे नाही, असे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मूर्ती ओळखण्याचे याहून नेमके काम विसाव्या शतकात क्वचितच झाले असेल. तरीही त्या घोषणापत्रात यहुद्यांविषयी एक अक्षर नाही. बार्थने पुढे, उतारवयात, ही उणीव आपल्या पदरी घेतली. म्हणजे मूर्ती कोणती हे तत्त्वज्ञानाच्या अंगाने बिनचूक सांगता येते आणि तरी तिच्यापुढे कोण जळते आहे ते नजरेआड राहू शकते. दक्षिण आफ्रिकेत उलटा क्रम दिसतो. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडने १८५७ मध्ये मान्य केले की गोऱ्या आणि काळ्या विश्वासणाऱ्यांनी एकाच मेजावर प्रभुभोजन घेणे हेच शास्त्राला धरून आहे. पण काहींच्या दुर्बळतेमुळे वेगळी सोय करायला हरकत नाही. १८८१ मध्ये त्या सोयीचे वेगळे चर्च झाले आणि विसाव्या शतकात त्याच सोयीचा सिद्धांत झाला. या सिद्धांताला पाखंड ठरवणारी बेल्हारची कबुली १९८२ मध्ये लिहिली गेली आणि १९८६ मध्ये स्वीकारली गेली ती ज्यांना वेगळे बसवले होते त्यांच्याच चर्चमध्ये. मूर्ती कोणती, हे बळींनी सांगितले. आपल्याकडे जातीचा इतिहास याहून सोवळा नाही. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ मध्ये दक्षिणेतल्या मंडळ्यांना पत्र लिहून चर्चमधला जातिभेद तत्काळ आणि कायमचा बंद करा असे बजवावे लागले; गोव्यात वेगवेगळ्या जातींच्या वेगवेगळ्या कोंफ्रारी, म्हणजे धार्मिक बंधुसंघ, फेस्तांचे मान सांभाळत राहिल्या; आणि विवाह जुळवताना ‘आपल्यातलेच’ स्थळ शोधणारी मराठी ख्रिस्ती कुटुंबे आजही कमी नाहीत. समाज अजून तयार नाही, हे आपले कारण १८५७च्या त्या दुर्बळतेचे सख्खे भावंड आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. खऱ्या श्रद्धेचीही किंमत इतरांना मोजावी लागते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पदरात काय पडले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे: वियोग, लोकनिंदा, लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने काढलेली वर्षे. दुसऱ्यावर पडलेला भार ही मूर्तीची खूण असेल तर टिळकांचा ख्रिस्तही मूर्तीच ठरेल. हुतात्म्यांची बायकामुले, मिशनऱ्यांची परदेशात दगावलेली तान्ही बाळे, सगळेच या हिशेबात येतील. आक्षेप बरोबर आहे आणि त्यामुळे खूण आणखी नेमकी करावी लागते. भार पडणे एवढे पुरेसे नाही. ज्याच्यावर पडला त्याला बोलता येते की नाही, हे पाहावे लागते. लक्ष्मीबाई बोलल्या. पतीचा शीघ्रकोप, त्यांचे व्यवहारशून्य औदार्य, आपला संताप आणि रडणे, यातले काहीही त्यांनी झाकले नाही, आणि ते पुस्तक मराठी ख्रिस्ती समाजाने लपवले नाही, अभिमानाने मिरवले. बायबलचा देव अशी तक्रार ऐकतो. स्तोत्रसंहितेचा फार मोठा भाग तक्रारींनीच भरला आहे आणि तो उपासनेत गायला जातो. मूर्तीला तक्रार सहन होत नाही. विश्वास कमी पडतोय, फूट पाडू नका, सहन कर, समाज तयार नाही: ही सगळी बळीचे तोंड बंद करण्याची वाक्ये आहेत. इफिसमध्ये देमेत्रिय सोनाराने अर्तमीच्या देव्हाऱ्यांचा धंदा बुडतो म्हणून गर्दी जमवली, आणि ज्याला दोन शब्द बोलायचे होते त्या आलेक्सांद्राचा आवाज लोकांनी सुमारे दोन तास घोषणा देऊन दाबला. प्रेषितांच्या कृत्यांचा लेखक तो कालावधी नोंदवायला विसरत नाही.

दुसरा आक्षेप धर्मशास्त्र्यांचा. पहिली आज्ञा देवाच्या मानाविषयी आहे, माणसाच्या दुःखाविषयी नव्हे. तुम्ही मूर्तिपूजेचे समाजकार्य करून टाकले, असे ते म्हणतील. पण देवाचा मान आणि माणसाचे दुःख यांची अशी फारकत येशूलाच मान्य नव्हती. मार्कच्या सातव्या अध्यायात तो परूश्यांना पकडतो ते कुर्बानावरून. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे, असे जाहीर केले की मुलगा जबाबदारीतून मोकळा. इथे परके दैवत नाही, सोने नाही, वासरू नाही; अर्पण खऱ्या देवालाच आहे. आणि तरी येशू ते धुडकावून लावतो, कारण त्याची किंमत म्हातारी माणसे मोजत आहेत. योहानाचे पहिले पत्रही या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. मूर्तींपासून स्वतःला जपा, या सूचनेवर ते अचानक संपते आणि अनेक वाचकांना तो शेवट जोडल्यासारखा वाटतो, कारण पत्रभर मूर्तींचा विषय नाही. पत्रभर विषय आहे तो हा की डोळ्यांपुढच्या भावावर जो प्रेम करत नाही त्याने न दिसणाऱ्या देवावरच्या प्रेमाच्या गोष्टी करू नयेत. मग शेवट जोडलेला कसा? सगळे पत्रच त्या शेवटाकडे चालले आहे. ही खूण सर्व काही पकडते असा माझा दावा नाही. एकांतातली आत्मप्रौढी, स्वतःच्या धार्मिकतेवर खूश असलेले मन, यांचा बळी शोधून सापडणार नाही. तिथे लूथरचीच पद्धत लागेल. आणि प्रतिमांविषयी म्हणाल, तर वसईच्या चर्चमधल्या मारियेच्या पुतळ्यापुढे मेणबत्ती लावणारी म्हातारी या निकषात सहसा सापडत नाही. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीकडे जातो आणि आराधना फक्त देवाची, हा भेद निकियाच्या दुसऱ्या परिषदेने ७८७ मध्येच केला होता. बिनपुतळ्यांच्या चर्चमध्ये बसणाऱ्यांना वाटणारा श्रेष्ठपणा मात्र जरूर तपासावा.

ओळखले, आता सोडायचे कसे? फोडणे हा सर्वांत आकर्षक मार्ग, आणि त्याचा इतिहास शिकवणारा आहे. जानेवारी १५२२ मध्ये विटेनबर्गमध्ये कार्लश्टाट या लूथरच्या सहकाऱ्याने पुस्तिका लिहिली. तिच्या शीर्षकातच दोन मागण्या होत्या: चर्चमधल्या प्रतिमा काढाव्यात, आणि ख्रिस्ती लोकांत कोणी भिकारी नसावा. त्याच महिन्यात नगराने गरिबांसाठी सामायिक निधीची व्यवस्थाही ठरवली. पुढे लोकांनी उत्साहाने उचलली ती पहिली मागणी. प्रतिमा फोडताना गलका होतो, भिकाऱ्याची सोय करताना होत नाही. मार्चमध्ये लूथरने परत येऊन आठ दिवस प्रवचने दिली आणि दांडगाई थांबवली. आधी मनातली मूर्ती काढा, असे त्याचे सांगणे होते. पण त्या घाईत कार्लश्टाटने केलेला महत्त्वाचा सांधा निखळला. प्रतिमांवरचा पैसा आणि भिकाऱ्याची भूक हा एकच विषय होता. हिज्कीया राजाने मोशेच्या हातचा पितळी साप फोडला, तो देवाच्याच आज्ञेने बनवलेला आणि लोकांचे प्राण वाचवलेला असूनही, कारण लोक त्याला धूप जाळू लागले होते. साप फोडता येतो. विवाह, मंडळी, जात, आशीर्वाद, राष्ट्र यांतले काही फोडता येत नाही, काही फोडू नये, आणि जात नुसती नाकारून जात नाही.

लूकने लागोपाठच्या दोन अध्यायांत दोन श्रीमंत उभे केले आहेत. अठराव्यात एक अधिकारी: सगळ्या आज्ञा पाळलेला, त्याला सर्व काही विकून गरिबांना द्यायला सांगितले जाते आणि तो खिन्न होतो. एकोणिसाव्यात जक्कय, यरीहोचा मुख्य जकातदार. त्याला येशू कसलीच अट घालत नाही, फक्त त्याच्या घरी उतरतो. जक्कय आपणहून उभा राहतो आणि आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट. येशू बाकीच्या अर्ध्याबद्दल विचारतसुद्धा नाही. सगळे दिले की नाही, हा मुद्दाच नसावा. ज्यांच्याकडून उकळले त्यांच्याकडे ते परत निघाले, हा असावा. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, जिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. त्यांनी मिशन फोडले नाही, त्याला शिव्या घातल्या नाहीत. फक्त त्याला दाराचा राखणदार मानणे थांबवले, आणि त्याची झळ स्वतःच्या संसाराला लावून घेतली. गोव्यातल्या सोळाव्या शतकातल्या घणाशी याची तुलना करून पाहावी.

संस्थांना हे करता येते का, याचा एक अपुरा पण खरा दाखला नोव्हेंबर १९९० मधला आहे. दक्षिण आफ्रिकेत रस्टेनबर्ग इथे झालेल्या चर्चच्या परिषदेत स्टेलेनबॉशचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक विली योंकर यांनी वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली, स्वतःच्या वतीने आणि डच रिफॉर्म्ड चर्चच्या वतीनेही. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी तिथेच ती कबुली स्वीकारली. त्यावर काही कृष्णवर्णीय प्रतिनिधी नाराज झाले: इतक्या लवकर आणि आमच्या वतीने माफी देणारे तुम्ही कोण? मला ती नाराजी त्या परिषदेतली सर्वांत निरोगी गोष्ट वाटते. ज्यांनी किंमत मोजली ते बोलत होते, आणि माफीलासुद्धा हिशेबातून सूट द्यायला तयार नव्हते. परिषदेच्या जाहीरनाम्यात नुसत्या पश्चात्तापाच्या शब्दांपुढे जाऊन नुकसानभरपाईची भाषाही आली. आपल्या विश्वस्त मंडळांनी जमिनीच्या दाव्यांचा खर्च दरवर्षी मंडळीपुढे मांडायचे ठरवले, तर तो तपासायला वकील किंवा बिशपांचे प्रतिनिधी बसवून चालणार नाही. थकलेला प्रचारक, पाकीट टाकणारी विधवा आणि शाळेचा शिपाई यांना बसवावे लागेल. चौपट म्हणजे नेमके किती, हे यरीहोतही जक्कयला एकट्याला ठरवता आले नसते.